एसीच्या नळीखालची बादली

ओमानात रुस्ताकला मी राहायला गेलो त्या पहिल्याच दुपारी कळलं, की माझ्या खोलीच्या एसीवर दुसऱ्याच कुणाचा तरी हक्क आहे. सामानाच्या दोऱ्या अजून सोडल्या नव्हत्या. घामाने चिंब झालो होतो म्हणून आधी एसी लावला आणि अंग टाकलं, तर पाचेक मिनिटांत खिडकीखाली काहीतरी दाणकन आपटलं. बाहेर जाऊन पाहतो तर साठीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस, अंगात गंजीफ्रॉक, कमरेला चौकड्यांची लुंगी, माझ्या एसीच्या नळीखाली निळी बादली नीट बसवत उकिडवा बसलेला. माझ्याकडे मान वर करून न बघताच म्हणाले, "दुपारी बंद करू नको हां एसी. चोवीसार ठेव. पानी बरा पडता."

"पण हे पाणी कशाला हवंय?"

"धुवक."

"काय धुवायला?"

"बंदूक," असं म्हणून ते निघून गेले. मी पुण्याहून आलेला, खासगी दवाखान्यातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारा साधा माणूस. त्या रात्री मी दाराला दोन कड्या लावून झोपलो.

हे मेस्त्री. कुडाळकडच्या एका खेड्यातले. त्यांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही, त्यामुळे इथेही ते मेस्त्रीच राहू देत. एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांच्या खजुरीच्या बागेत, आवाराच्या भिंतीला लागून चार खोल्या होत्या. तीन भाड्याने दिलेल्या आणि कडेची मेस्त्रींची. म्हाताऱ्यांना सगळे अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. मेस्त्री वीसेक वर्षांपासून त्यांच्या विहिरींचे पंप दुरुस्त करत, शेडमधलं लेथ चालवत, आणि वर्षातून तीन-चारदा, ज्या कामासाठीच आपला जन्म झाला असं ते समजत, ते काम करत.

ते काम म्हणजे अर्बाबच्या जुन्या बंदुका धुणं. त्यांच्याकडे दोन लांबलचक ठासणीच्या बंदुका होत्या आणि एक रिव्हॉल्व्हर, आजोबांच्या वेळचं. त्यात काडतूस चालत नसे. फिरत्या चाकाच्या सहा घरांत काळी दारू भरायची, मागच्या सहा बारीक तोट्यांवर तांब्याच्या टोप्या बसवायच्या आणि मग बार काढायचा. दोन्ही ईदांना आणि घरातल्या लग्नात गावातले पुरुष समोरासमोर रांगा करून तलवारी उडवत नाचायचे, तेव्हा अर्बाब मधे उभे राहून आभाळाकडे बार काढत. गोळी नसायची, नुसता आवाज आणि पांढरा धूर. परवान्याचा कागद होता, पण हत्यार नजरेआड होऊ द्यायचं नाही हा अर्बाबचा नियम होता. त्यामुळे मेस्त्री खोलीत ते धूत असताना अर्बाब बाहेर दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. सोबत कॉफीची सुरई, खजूर आणि दोन छोटे पेले.

हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू आवरलं नाही. ज्या शेगडीवर सकाळी भात शिजला, तिच्यावर पातेल्यात एसीचं पाणी उकळत होतं. त्यात भांड्यांचा साबण. मेस्त्रींनी रिव्हॉल्व्हरची पाचर काढून नळी वेगळी केली, चाक वेगळं केलं, स्वतः लेथवर बनवलेल्या चावीने सहाही तोट्या सोडवल्या आणि सगळं त्या उकळत्या पाण्यात सोडलं. पाणी काळं झालं आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. मी म्हणालो, "अहो मेस्त्री, शंभर वर्षांचं लोखंड आणि तुम्ही पाण्यात घालता? गंजेल ना!"

त्यांनी माझ्याकडे अशी दया करून पाहिलं की बस. "लोखंड पान्यान मरना नाय, डॉक्टरानू. मिठान मरता. दारू जळली की मागे मीठ रवता. ता पान्याशिवाय सुटूचा नाय."

मला ते डॉक्टर म्हणत, कारण मी सुया टोचत असे. चिडवत होते की खरंच समजत होते, ते मला कधी कळलं नाही.

नळाचं पाणी खारट, म्हणून एसीचं. चारही खोल्यांच्या नळ्यांखाली त्यांच्या बादल्या. समुद्राकडून दमट वारा आला की माझी बादली दुपारीच भरायची आणि त्यांचा चेहरा फुलायचा. थंडीत एसी बंद असायचे, म्हणून पावसाळ्यासाठी लाकडं भरून ठेवावीत तसे ते हे पाणी कपड्यातून गाळून मोठ्या बाटल्यांत भरून पलंगाखाली ठेवत. कुणी गावाला जाताना एसी बंद केला की मेस्त्री दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. एकदा शेजारच्याने त्या बादलीत मोजे भिजवले, तर यांनी ती बादली फेकून नवी आणली.

धुऊन झालं की सगळे तुकडे पोळीच्या तव्यावर मंद आचेवर कोरडे करायचे. गरम असतानाच अर्बाबच्या मधाच्या पोळ्यांचं मेण आणि गावचं खोबरेल असं मिश्रण चोळायचं. तव्यावर टाकण्याआधी मात्र एक शेवटची परीक्षा असे. मेस्त्री तोंड धूत, डोळे मिटत आणि प्रत्येक तुकड्याला जिभेचं टोक लावत. खारट लागलं की पुन्हा पाणी. अर्बाब दारातून मान पुढे करून विचारत, "हा, मेस्त्री?" आणि मेस्त्री जीभ आत घेऊन म्हणत, "तमाम, अर्बाब." म्हणजे सगळं ठीक.

मग दोघे कॉफी पीत. तासभर तरी. बोलणं फारसं नसेच. अर्बाबना हिंदी जेमतेम आणि मेस्त्रींच्या अरबीत सगळी मिळून चाळीस शब्द. एकाने खजुराची बी दाखवायची, दुसऱ्याने मान हलवायची, असला तो संवाद. पण एरवी त्या आवारात मेस्त्रींसमोर खुर्ची टाकून कोण बसत होतं? आम्ही तिघे भाडेकरू मोबाइलात डोकं घालून. घरून फोन आला की ते "होय, होय, धाडतंय" एवढंच बोलत. मी त्यांना हसत असे, पण त्या खुर्चीवर कुणीतरी आपल्या कामासाठी इतका वेळ बसून राहतं, याचा मला हेवाही वाटे. माझ्या कामाकडे कुणी असं बघत नव्हतं.

त्यांचा एकच हट्ट होता, आजचं आज. बार निघाला की झोपायच्या आत पाणी लागलंच पाहिजे, उद्यावर नाही. यामुळे वीस वर्षांत त्यांनी ईदला कधी रजा घेतली नव्हती. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. खंडेनवमीला ते ती चावी आणि नळीतला ब्रश देवाच्या तसबिरीपुढे ठेवून हळदकुंकू वाहत आणि मला गूळखोबरं देत. "ही असा म्हणान मी आसंय," असं एकदा चावीकडे बोट दाखवून म्हणाले होते.

दोन हजार चौदाच्या मोठ्या ईदला आठ दिवस होते तेव्हा मेस्त्रींच्या बायकोला हॉस्पिटलात ठेवल्याचा फोन आला. ते दोन दिवस बागेत नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. हातात चावी, ब्रश, मिश्रणाचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

"डॉक्टर, तुजो हात साफ आसा. तू करशीत?"

मी हो म्हणालो. त्यांनी मला खाली बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "सांग बगया, आदी काय?"

"पाणी."

"मगे?"

"परत पाणी. जीभ लावायची. मग तवा. मग तेल."

"तेल मागसून," ते म्हणाले. "आदी तेल घातलंस तर मीठ आत रवतला आणि लोखंड खातला. वरसून चकचकीत दिसतला." हे त्यांनी दारातून पुन्हा सांगितलं आणि टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून तिसऱ्यांदा सांगितलं. मी हसून हात हलवला.

ईदच्या दिवशी अर्बाबनी बार काढले. साडेदहा वाजता ते नव्या पांढऱ्या झग्यात, कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन माझ्या दारात आले, मागून खुर्ची आली, कॉफी आली. मी पाचर काढली, चाक काढलं. आणि नेमके तेव्हाच सहम गावातले माझे दोन मित्र गाडी घेऊन फाटकाशी येऊन हॉर्न मारू लागले. समुद्रावर जायचं ठरलं होतं. डब्यात जेवण, बर्फाच्या पेटीत बिअर. पाणी उकळायचं, धुवायचं, वाळवायचं म्हणजे दीड तास.

त्यात माझी एक घमेंडही होती. मेस्त्री आठवी शिकलेले, मी लॅबवाला. लोखंडाला पाणी लावणं हा अडाणीपणा आहे असं मला मनातून वाटतच होतं. मीठ पाण्यात विरघळतं हे शाळेतल्या पोराला कळतं, आणि मी रोज क्षारांची मापं काढणारा माणूस! पण तेव्हा मला कळायचंच नव्हतं. लॅबमधून आणलेलं स्पिरिट कापसाला लावून मी सगळं खसाखसा पुसलं, तोट्या न सोडवताच, आणि शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बाटली वर ओतली. वीस मिनिटांत काम संपलं. रिव्हॉल्व्हर आरशासारखं चमकत होतं.

अर्बाबची कॉफी अजून पहिल्याच पेल्यात होती. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, ती थंड होती. "मोया?" त्यांनी विचारलं. म्हणजे पाणी?

"मोया लावलं, अर्बाब. अंदरसे नया दवा," मी म्हणालो. "खलास. तमाम."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हत्याराकडे. तमाम हा शब्द त्या दारात वीस वर्षं खराच निघालेला होता. त्यांनी तो घेतला, माझ्या हातावर खजूर ठेवले आणि रिव्हॉल्व्हर लोकरीच्या कापडात गुंडाळून घेऊन गेले. ते त्यांच्या पितळी खिळ्यांच्या पेटीत बंद झालं. मी समुद्रावर गेलो. दिवस छान गेला, हे मला लाजिरवाणं वाटतं पण खरं आहे.

मेस्त्री पाच आठवड्यांनी परतले, डोकं भादरलेलं. बायको गेली होती. हे गावी पोचले त्याच्या आदल्या रात्रीच. मुलगा म्हणाला होता, एवढी वर्षं नव्हतात, आता कशाला आलात. हे सगळं त्यांनी बॅग खाली न ठेवता, उभ्या उभ्या सांगितलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, आणि मग विचारलं, "थोरल्येक पान्यान धुतलंस मा?"

रिव्हॉल्व्हरला ते थोरली म्हणत.

त्या क्षणी सांगता आलं असतं. पेटी उघडून घेतली असती, बराच भाग वाचला असता. पण भादरलेल्या डोक्याचा तो माणूस समोर उभा, आणि मी त्याला आणखी एक वाईट बातमी द्यायची? अशी मी माझी समजूत घातली. खरं कारण एवढंच की मला लाज वाटली.

"हो," मी म्हणालो.

"बरा केलंस," ते म्हणाले आणि बादल्या बघायला गेले.

थंडीत अर्बाबच्या नातवाचं लग्न निघालं. संध्याकाळी रांगा उभ्या राहिल्या, ढोल सुरू झाले, आणि अर्बाबनी सगळ्यांसमोर लोकरीचं कापड सोडलं. मी आणि मेस्त्री बाजूला उभे होतो. चाक फिरेना. अर्बाबनी अंगठ्याने जोर लावला, पुन्हा लावला. कापडावर तांबूस काळा चिखल लागला होता. त्यांच्या थोरल्या मुलाने हातातून घेतलं, तो नळीत डोकावला आणि अरबीत काहीतरी पुटपुटला. ढोल वाजतच होते. अर्बाब रिकाम्या हातांनी रांगेच्या मधे जाऊन उभे राहिले, त्यांना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

मेस्त्रींनी मुलाच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं. दिव्याखाली नेलं. बोटावर तो चिखल घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आणि मी जवळजवळ प्रार्थना केली की बोला, सगळ्यांसमोर बोला. ते मुलाकडे वळले आणि म्हणाले, "अर्बाब को बोलो, गलती मेरा है. जाते टाइम मैं दूसरा तेल रखके गया."

चार दिवस त्यांनी त्यावर उकळतं पाणी ओतलं. चाक सुटलं, पण दोन तोट्या आतच मोडल्या. नळी आतून देवीचे व्रण असल्यासारखी झाली होती. त्यात दारू भरायची कुणाची हिंमत नव्हती. चारही दिवस दारात खुर्ची आली नाही. पाचव्या दिवशी मुलाने रिव्हॉल्व्हर नेलं आणि दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलं. अर्बाब मेस्त्रींना रागावले नाहीत. रस्त्यात भेटले तर सलाम घेत. पण त्या दारात ते पुन्हा बसले नाहीत. ठासणीच्या बंदुका धुवायच्या वेळी मुलगा स्वतःच यायचा, उभा राहायचा, घड्याळ बघायचा.

मेस्त्रींच्या बोलण्यातली मस्करी गेली. मला डॉक्टर म्हणणंही गेलं. बादल्या मात्र भरत होते, गाळत होते, बाटल्या पलंगाखाली रचत होते. पुढच्या उन्हाळ्यात अर्बाबच्या मुलाने सांगितलं की साठी झाली, आता व्हिसा वाढवणार नाही. मेस्त्रींनी कारण विचारलं नाही.

त्यांना मस्कतच्या विमानतळावर मीच सोडलं. अर्ध्या वाटेवर गाडी बाजूला घेतली, कारण मला पुढे चालवताच येईना. म्हणालो, "मेस्त्री, त्या ईदला मी पाणी लावलंच नव्हतं."

"म्हायत आसा. शिलाई मशीनचा तेल. जिभेक कळला त्याच दिसा."

"मग बोलला का नाहीत?"

"माज्या भरवशार अर्बाब तुज्याकडे इलो होतो. चूक माजीच." ते काचेतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "एक काम कर. अर्बाबाक सांग. मेस्त्रीच्या हातान झाला नाय म्हणान सांग. येवढाच. मी जाताना सांगलंय तर बरा दिसाचा नाय. तू सांग. तुका कोन काय करूचो नाय."

मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला आजही जड लागतो.

सांगायला मी दोनदा निघालो. एकदा अर्बाब झोपलेले होते. एकदा मुलगा समोर होता. भीती कसली होती? खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती. खरंच कुणी काही करणार नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिलं असतं, एवढंच.

मोठी ईद आली. त्या वर्षी अर्बाबनी बार काढले नाहीत. अकराच्या सुमाराला खिडकीतून पाहतो तर ते एकटे येत होते, एका हातात प्लास्टिकची खुर्ची ओढत, दुसऱ्यात कॉफीची सुरई. मेस्त्रींच्या कुलूप लावलेल्या दारासमोर त्यांनी खुर्ची मांडली आणि बसले. पेले दोन आणले होते. माझ्या एसीखालची बादली भरून वाहत होती, मी ती कधी हलवलीच नव्हती. ते उठले, बादली उचलताना वाकले, थांबले, मग ती हळूहळू नेऊन खजुरीच्या बुंध्याशी ओतली आणि परत आणून नळीखाली नीट बसवली. थेंब बरोबर मधोमध पडतो का ते पाहिलं. मग माझ्या दाराकडे वळले.

मी आत एसी बंद केला. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून.

त्यांनी दोनदा दार वाजवलं. थोडा वेळ तिथेच उभे असावेत. मग खुर्ची फरशीवर ओढत गेल्याचा आवाज आला, लांबपर्यंत.

मी तसाच बसून होतो, तेवढ्यात फोन वाजला. कुडाळहून मेस्त्री. ईद आहे हे त्यांच्या ध्यानात होतं.

"अर्बाबाक सांगलंस मा?"

"हो," मी म्हणालो.

पलीकडे श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "काय म्हणालो तो?"

"तमाम म्हणाले."

त्यांनी नाक ओढलं. रडत होते की काय ते कळलं नाही. मग त्यांचा तो पूर्वीचा, मस्करीचा आवाज परत आला, वर्षभरात पहिल्यांदा. "बरा केलंस, डॉक्टर. एसी चालू आसा मा? बंद करू नको हां."

बंद खोलीत माझ्या कपाळावरून घाम टपटपत होता.

"चालू आहे," मी म्हणालो.